नणंद-भावजयीचं पाणी

बेबीला बेबी म्हणायची हिंमत जगात दोघांनाच होती. एक तिचा मोठा भाऊ आणि दुसरी त्याची बायको. बाकी सगळ्या शहराला ती मेट्रन म्हणूनच ठाऊक. सरकारी इस्पितळात उभी हयात गेलेली. वॉर्डाच्या दारात तिची चप्पल वाजली की पेशंटसुद्धा अंग चोरून पडायचे. अशी बाई निवृत्त होऊन घरी बसली आणि तिला घर पुरेनासं झालं. कपाटं लावून झाली, खालच्या मजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांची ब्लडप्रेशरं मोजून झाली. मग एका दुपारी ती वहिनीच्या चष्म्याच्या दुकानात शिरली, गिऱ्हाइकाची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "वहिनी, शटर अर्धं ओढ. मला पाणी विकत घ्यायचंय."

"फ्रिजमध्ये आहे की. घे."

"थट्टा नकोय." बेबीने पर्समधून घडी घातलेला नकाशा काढला आणि काउंटरवर, फ्रेमांच्या ट्रेवरच पसरला. "हे डोंगर. डोंगरापलीकडे पाऊस पडत नाही. पडला तर लोक फोटो काढतात. पण मधून हा कालवा जातो. आता ऐक. तिथे ज्या जमिनीला कालव्याच्या पाण्याचा वाटा नाही तिला कुत्रं विचारत नाही. आणि ज्या जमिनीला वाटा आहे ती कुणी विकत नाही. एक जण विकतोय."

"आणि आपण शेतकरी कधीपासून झालो?"

"जमीन नाही गं घेत आपण. पाणी घेतोय. जमीन नुसती त्याच्याखाली अंथरायला."

वहिनी हसली, पण हसता हसता तिने नकाशा स्वतःकडे वळवला. तिचं दुकान चांगलं चालत होतं. शेजारचा गाळा घेऊन दुकान मोठं करायचं म्हणून तिने बरीच वर्षं पैसे बाजूला टाकले होते. शेजारचा गाळा! त्या विचाराने तिची झोप कधी उडाली नव्हती. खरं सांगायचं तर चष्म्याच्या दुकानात छाती धडधडावी असं काही घडतच नाही. 'हे अक्षर दिसतं का? आता? आता जास्त स्पष्ट?' यात तिची उमर गेली होती. आणि आज त्या नकाशावरच्या निळ्या रेघेकडे बघताना तिची छाती चांगलीच धडधडत होती.

"कधी निघायचं?" तिने विचारलं, आणि आपण हे काय बोललो म्हणून स्वतःच चपापली.

"उद्या. आणि दादाला सांगायचं नाही."

दादा म्हणजे बेबीचा भाऊ, वहिनीचा नवरा. तो विम्यात होता. लोकांना घर कसं जळतं, गाडी कशी उलटते, गोदामात पाणी कसं शिरतं हे समजावून सांगता सांगता त्याचा स्वतःचाच त्यावर गाढ विश्वास बसला होता. जिना उतरताना तो कठड्याला धरायचा आणि कठडाही हलवून बघायचा.

"सांगितलं तर काय करतील?" वहिनी म्हणाली.

"भूकंपापासून सुरुवात करेल."

दुसऱ्या दिवशी दोघी चष्म्याच्या प्रदर्शनाला म्हणून निघाल्या आणि डोंगर ओलांडून पलीकडे उतरल्या. बसमधून उतरल्याबरोबर ऊन अंगावर धावून आलं. दलालाने त्यांना जीपमध्ये घातलं, धुरळ्यातून नेलं आणि एका जागी उतरवून हात पसरला, "ही."

वहिनीने बघितलं. बघण्यासारखं काही नव्हतंच. वाळून करडी पडलेली, भेगाळलेली जमीन. भेगा अशा की चप्पल आत जावी. कुठे कुठे काटेरी झुडपं. जमीन हळूहळू उतरत गेली होती आणि पार खालच्या टोकाला हद्दीचा एक दगड, चुना लावलेला, उन्हात दातासारखा चमकत होता. एका अंगाला मात्र शेजाऱ्याची डाळिंबाची बाग होती, हिरवीगार, लालभडक फुलांनी डवरलेली. मध्ये फक्त एक बांध.

"एकच माती," बेबी कानात म्हणाली. "फरक काय तो बघ."

मग दलालाने त्यांना वरच्या अंगाला नेलं. तिथे कालवा होता. दोन्ही काठ भरून, हिरवट, गार, आवाज न करता वाहणारा. एवढ्या रखरखाटात एवढं पाणी गुपचूप चाललेलं बघून वहिनीच्या अंगावर काटा आला. ती काठावर बसली आणि हात आत घातला. थंडगार. पाण्याने बोटं ओढली, जणू 'चल' म्हणाल्यासारखं.

हात पुसायच्या आधीच तिचं ठरलं होतं.

सह्या व्हायला फार दिवस लागले नाहीत. नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने कागद पुढे सरकवले, दोघींनी नावापुढे नाव लावून सह्या केल्या, अंगठे उठवले. वहिनीला हसू आवरेना. शाळेत पहिला नंबर आल्यावर घरी पळत जावंसं वाटायचं, तसं वाटत होतं. बाहेर टपरीवर बेबीने दोन चहा सांगितले आणि कप हातात दिल्यावर म्हणाली, "वहिनी, एक गोष्ट सांगायची राहिली."

"सह्या झाल्यावर?"

"आधी सांगितली असती तर तू सही केली नसतीस."

गोष्ट अशी होती. कालव्याच्या मंडळाचा नियमच होता की ज्याने सलग पाच हंगाम पाणी घेतलं नाही त्याचा वाटा रद्द. जुन्या मालकाने चार हंगाम घालवले होते. पाचव्या हंगामातली पाणी सोडायची एकच पाळी शिल्लक होती. त्या पाळीत पाणी शेतावर आलं पाहिजे, आणि नुसतं आलं पाहिजे असं नाही, खालच्या टोकाच्या हद्दीच्या दगडाला लागलं पाहिजे. तेही मंडळाच्या निरीक्षकासमोर. म्हणून जमीन स्वस्त मिळाली होती.

"आणि ती पाळी चुकली तर?"

"पाळी चुकल्यावर काय काय होतं ते निदान मला तरी शिकवू नकोस."

एरवी वहिनी या विनोदावर खो खो हसली असती. आज तिने कप तसाच टपरीच्या फळीवर ठेवला आणि चालू लागली. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. गाळ्याचे पैसे गेले, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. गेले, आणि तेही नणंदेने डोळ्यांत धूळ फेकून. बेबी शेजारी पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. डोंगर चढून बस वर आली. गार वारा लागला. वहिनी खिडकीकडेच तोंड ठेवून म्हणाली, "कालव्यापासून शेतापर्यंत चारी कुठून येते?"

बेबीने नकाशा काढायला इतकी घाई केली की तो फाटला.

चारी म्हणजे कालव्यातून शेतात पाणी आणणारा छोटा पाट. ती कागदावर होती, जमिनीवर नव्हती. पुढच्या खेपेला दोघींनी नकाशा धरून तिचा माग काढला, आणि माग थेट शेजाऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत शिरला. बुजलेल्या चारीवर त्याने झाडं लावली होती. दोन ओळी, फळावर आलेल्या.

डाळिंबवाला उंचापुरा, रुंद खांद्यांचा गडी होता. हातात छाटणीची कात्री. त्याने दोघींचं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलला, "झाडांना हात लावला तर मी आडवा पडेन."

"आडवं पडलेल्यांना मी आयुष्यभर उचललंय," बेबीने मेट्रनचा आवाज लावला. "चारी आमच्या हक्काची आहे. मंडळाचा कागद आहे. उद्या जेसीबी आणला तर तुम्हाला अडवता येणार नाही."

"आणा."

"आणतेच."

"आणा ना."

बेबी लाल झाली. वॉर्डात हा आवाज कधी वाया गेला नव्हता. वहिनी मात्र झाडांत फिरत होती. तिने एक फांदी वर केली. फुलांच्या बुडाशी लिंबाएवढी फळं धरली होती. या फांदीवरून लोखंडी दात फिरणार, हे तिला कल्पनेतही बघवेना.

"ही झाडं कुणाच्या पाण्यावर वाढली?" तिने विचारलं.

डाळिंबवाल्याने त्या फांदीकडे बघितलं. मग म्हणाला, "खोटं कशाला बोलू. तुमच्याच. जुना मालक घेत नव्हता, वाहून जात होतं, मी घेतलं. माझा वाटा वरच्या बागेला पुरतो. या खालच्या ओळींना नाही. तुम्ही तुमचं पाणी नेलंत की या वाळणार. मग तुम्ही जेसीबी लावा नाहीतर लावू नका, मला सारखंच."

म्हणजे भांडण चारीचं नव्हतंच. वहिनीला ते कळलं आणि तिचं डोकं भराभर चालायला लागलं.

"बांधाच्या कडेने चारी नेली तर?"

"लांब पडेल."

"पडू दे. पण झाडं वाचतील. आणि आम्हाला पहिल्या वर्षी सगळं पाणी लागणारच नाही. थोडं तुम्ही भाड्याने घ्या. तुमच्या या ओळींपुरतं."

"वहिनी!" बेबीने कोपर मारलं.

डाळिंबवाल्याने कात्री बंद केली. "बाई, शहरातले लोक इथे येतात, सह्या करतात आणि जातात. मग त्यांचा माणूस येतो. मग त्या माणसाचा माणूस येतो. शब्द कुणाचा धरायचा?"

"माझा."

"मग एक करा. पाळीच्या दिवशी तुम्ही दोघी स्वतः शेतात उभ्या राहा. फावडं हातात घेऊन. मजूर लावून नाही. चिखलात उतरलेल्या माणसाचा शब्द मी धरतो."

"एवढंच ना?" वहिनी म्हणाली. फावडं तिने त्याआधी कधी उचललेलं नव्हतं.

बांधाच्या कडेची चारी खोदायला सुरुवात झाली, आणि मध्ये एका ठिकाणी वाट ओलांडायला पाईप टाकायचा होता म्हणून कंत्राटदाराने घरी फोन केला. फोन दादाने उचलला.

"पाईप किती इंची टाकायचा, साहेब?"

"पाईप? कसला पाईप?"

"बाईसाहेबांच्या शेतात."

त्या संध्याकाळी दादाने जेवण उरकलं. मग पाणी पिऊन त्याने सुरुवात केली. भूकंपाने कालवा फुटू शकतो. दुष्काळ पडू शकतो. पूर येऊ शकतो.

"दोन्ही एकदम कसे येतील हो?"

"येतात. माझ्याकडे लोक येऊन बसलेत रडत." मग त्याचा आवाज खाली आला. "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालो असतो."

"म्हणून."

दादा उठून बाल्कनीत गेला. वहिनीला वाईट वाटलं, पण पश्चात्ताप काही केल्या होईना. पाळीच्या दिवशी पहाटे दोघी गमबूट आणि फावडी गाडीत टाकून निघाल्या, तर हा मागच्या सीटवर इस्त्रीची पॅंट घालून आधीच बसलेला.

"मी नुसता बघायला येतोय," तो म्हणाला. "आणि बेबी, पट्टा लाव."

शेतावर पोचले तेव्हा ऊन कोवळं होतं. मंडळाच्या निरीक्षकबाई आधीच येऊन खालच्या टोकाला, हद्दीच्या दगडाजवळ घडीच्या खुर्चीवर छत्री उघडून बसली होती. बारीक, ताठ, कमी बोलणारी बाई. तिने नियम सांगितला, "सूर्य डोंगराआड गेला की कालव्याचं दार बंद. तोवर या दगडाला पाणी लागलं तर वाटा तुमचा."

"नाही लागलं तर?" दादाने विचारलंच.

"तर मी खुर्ची मिटून घरी जाईन."

वर कालव्यावर पाटकरी, म्हणजे कालव्याचं दार उघडायचं-मिटायचं काम ज्याच्याकडे तो माणूस, चाकाला हात लावून उभा होता. बेबीने दोन्ही हात वर करून खूण केली. चाक फिरलं. लोखंड कुरकुरलं. आणि पाणी आलं.

वहिनी चारीच्या काठाने पाण्याबरोबर धावत सुटली. पाण्याच्या तोंडाशी फेसाची तपकिरी झालर होती. ती काटक्या, पाचोळा, वाळलेली फुलं ढकलत पुढे येत होती, आणि तिच्यापुढे मुंग्या, भुंगे, कोळी जीव घेऊन पळत होते. कोरडी माती पाणी लागताच हिस्स करून श्वास सोडल्यासारखी करायची. सगळीकडे ओल्या मातीचा वास सुटला. "आलं! बेबी, आलं!" वहिनी ओरडत होती. अशी ती लग्नाआधीसुद्धा कधी ओरडली नसेल. चारीच्या तोंडाशी बेबी फावडं रोवून उभी होती. तिने बांध फोडला आणि पाणी शेतात पसरलं.

आणि थांबलं.

म्हणजे येत होतं, पण पुढे जात नव्हतं. भेगा ते पीत होत्या. गटागट. बुडबुडे वर येत होते, माती फुगत होती, आणि पाणी होतं तिथेच. बराच वेळ असा गेला. ऊन डोक्यावर आलं. दोघी फावड्याने सरी ओढून पाण्याला वाट करून देत होत्या. बेबीचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता, वहिनीच्या तळहाताला फोड येऊन फुटलेही होते. मग हळूहळू वरच्या भेगा भरल्या, मिटल्या, आणि पाणी हललं. हातभर, मग पावलापावलाने, मग सरीतून चक्क पळायला लागलं.

"दादा, बघ! निम्म्यावर आलं!" बेबी ओरडली.

दादा बांधावर हातरुमाल टाकून बसला होता. तो उठून उभा राहिला. बसून बघवेना असं काहीतरी त्याचंही झालं असावं.

दुपार कलली तेव्हा पाणी निम्म्याच्याही पुढे गेलं होतं आणि दोघी आनंदाने येड्या व्हायच्या बेतात होत्या. तेवढ्यात वहिनीला आवाज ऐकू आला. न्हाणीघराच्या मोरीतून पाणी जातं तसा, घुळघुळ. तिने वळून बघितलं. शेताच्या मधोमध पाणी गोल गोल फिरत एका भोकात चाललं होतं. घुशीचं बीळ. केवढं मोठं होतं कुणास ठाऊक. सगळं पाणी त्यात ओढलं जात होतं आणि पुढच्या सरीतली धार डोळ्यांदेखत बारीक होत होती.

बेबीने फावडंभर माती टाकली. गेली. आणखी टाकली. तीही गेली. वहिनीने काट्याचं झुडूप ओढून आणून कोंबलं. तेही गेलं.

"दगड आण, दगड!"

"कुठून आणू? या शेतात एक दगड आहे आणि त्याच्यापाशी ती बाई बसलीय!"

सूर्य डोंगराकडे झुकला होता. वर पाटकरी चाकाजवळ येऊन उभा राहिला होता. गाळ्याचे पैसे, बेबीची निवृत्तीच्या फंडाची रक्कम, सगळं त्या भोकातून घुळघुळ करत चाललंय असं तिला दिसायला लागलं.

आणि मग तिच्या बाजूने काहीतरी धप धप करत गेलं. दादा होता. इस्त्रीच्या पॅंटीसकट, बुटांसकट. पाण्यातून तीन-चार ढांगा टाकत तो भोकापाशी पोचला, एकदा आत वाकून बघितलं, आणि बसला. सरळ भोकावर बसला.

घुळघुळ थांबली.

"बघताय काय माझ्याकडे?" तो खेकसला. "माती टाका! माझ्या चहूबाजूंनी! आणि लवकर टाका, आत काहीतरी हलतंय!"

दोघी हसत होत्या की रडत होत्या त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं, पण फावडी चालत होती. तेवढ्यात बांधावरून डाळिंबवाला उतरला. दोन्ही खांद्यांवर मातीने भरलेलं एकेक पोतं. सकाळपासून तो आपल्या झाडांतून सगळं बघत होता. "सरका," तो म्हणाला. त्याने दादाला काखेत हात घालून उचललं, पोती भोकात दडपली, वर उभा राहून नाचल्यासारखं तुडवलं आणि दादाला म्हणाला, "साहेब, आता तुम्ही पुन्हा बसा. वजन बरं आहे तुमचं."

दादा बसला. पाणी पुढे निघालं.

आता बाकीचे पाण्याच्या पुढे होते. बेबी डाव्या अंगाने, डाळिंबवाला उजव्या अंगाने, मधून वहिनी. समोर पांढरा दगड आणि छत्री. निरीक्षकबाई खुर्चीवरून उठली होती. सूर्याची कड डोंगराला टेकली. पाणी दगडापासून एका उडीवर होतं. वहिनीने फावडं फेकलं, गुडघ्यांवर बसली आणि बोटांनी मातीत रेघ ओढायला लागली, पाण्यापासून दगडापर्यंत.

"असं चालतं का हो?" तिने मान वर न करता विचारलं.

"रेघ ओढलेली चालते," निरीक्षकबाई म्हणाली. "बादलीने आणलेलं चालत नाही." आणि मग जरा थांबून, हळूच, "अजून थोडी डावीकडे ओढा. तिकडे उतार आहे."

वहिनीने डावीकडे ओढली. पाण्याची एक बारीक धार रेघेत शिरली, थबकली, एका ढेकळाला वळसा घालून पुढे आली. वरून पाटकऱ्याची हाक आली, "बंद करू का?" कुणी वर बघितलंही नाही. सगळे धारेवर वाकले होते. धार दगडाच्या बुडाशी आली आणि चुन्याचा पांढरा रंग हळूहळू ओला, करडा झाला.

निरीक्षकबाईने वाकून दगडाला बोट लावलं. बोट बघितलं.

"लागलं," ती म्हणाली.

बेबीने केलेली आरोळी कालव्यापलीकडे ऐकू गेली असणार. तिने वहिनीला उचललं. खरोखर उचललं, पेशंट उचलतात तसं, आणि दोघी चिखलात आडव्या झाल्या. मागून दादाचा आवाज येत होता, "लागलं का? कुणी सांगेल का मला? मी उठू का?"

अंगाचा चिखल धुवायला डाळिंबवाल्याच्या बायकोने अंगणात गरम पाण्याचे हंडे काढून दिले. दादा शेजाऱ्याच्या शर्ट-पॅंटीत बसला होता. बाह्या पार बोटांखाली आलेल्या. त्याला दिवसभराची हकिगत सांगायचा उत्साह आवरत नव्हता, जसे काही बाकीचे तिथे नव्हतेच. "पहिल्यांदा मी आत बघितलं," तो डाळिंबवाल्याच्या बायकोला तिसऱ्यांदा सांगत होता, "आणि म्हटलं, हे माती टाकून भागणारं नाही." वहिनी त्याच्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत तिने त्याला असं हातवारे करून बोलताना बघितलं नव्हतं. तिने त्याच्या बाह्या दुमडून दिल्या.

तेवढ्यात बेबीचा फोन वाजला. दलाल होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. वाटा पक्का झाला म्हणे, अभिनंदन. आणि एक मोठी पार्टी आहे, आजच बोलली, तुम्ही दिले त्याच्या दुप्पट द्यायला तयार आहे. उद्या सकाळी कागद करू.

डाळिंबवाला उठला आणि हातातला कप विसळायला घेऊन गेला. मुद्दाम गेला, हे सगळ्यांना कळलं.

बेबीने फोनवर हात ठेवला. "वहिनी, यावेळी तू सांग," ती म्हणाली. "मागच्या वेळी मी तुला न सांगता ठरवलं. ते चुकलंच माझं. तू म्हणशील ते."

दुप्पट! शेजारचा गाळा येऊन वर रंगरंगोटीसुद्धा होईल. वहिनीने अंगणातून बाहेर बघितलं. उजेड जाता जाता उरला होता आणि त्यात त्यांचं शेत, सकाळपर्यंत करडं असलेलं, काळंभोर दिसत होतं. कुठून कोण जाणे पण बगळे आले होते. दहा-बारा असतील, ओल्या मातीत टिपत चालले होते, जसा काही त्यांना कुणी निरोप धाडला होता. नळाशी डाळिंबवाला एकच कप पुन्हा पुन्हा विसळत होता.

तिने फोन घेतला. "नाही विकायचं. आधी एक पीक काढून बघणार."

"बाई, मग हा भाव राहणार नाही."

"वाढेल ना? मग बरंच की."

दादाने 'भूकंप' म्हणायला तोंड उघडलं असेल असं वाटून तिने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "पीक कसलं काढायचं?"

"लसूणघास," नळाकडून डाळिंबवाला म्हणाला. "गुरांना घालतात. एकदा पेरला की कापत राहायचं. दर पाळीला वाढतो."

तसंच झालं. पुढच्या हंगामात त्यांनी लसूणघास पेरला, आणि पाण्यातला एक भाग डाळिंबवाल्याच्या त्या दोन ओळींना भाड्याने दिला. पहिल्या वर्षी हाती फारसं लागलं नाही. दुसऱ्या वर्षी लागलं. दलाल अधूनमधून फोन करतो, आकडा वाढवत जातो, आणि बेबी त्याला आपल्या जुन्या आवाजात झापते. शेजारच्या गाळ्यात चपलांचं दुकान आलं. वहिनीने त्यातून गमबुटांचा नवा जोड घेतला.

दर पाळीला ती दुकान बंद ठेवते. दारावर पाटी लावते, 'पाण्यावर गेले आहे'. गिऱ्हाइकं पहिल्यांदा गोंधळली, आता विचारतात, "कसं आलं होतं यंदा?" मग चष्म्याचा नंबर राहतो बाजूला. वहिनी काउंटरवर कोपरं टेकते, फेसाच्या झालरीपासून सुरुवात करते, आणि समोरच्या माणसाला खुर्चीवरून उठू देत नाही.